भास्कराचार्य

सह्याद्रीच्या पायथ्याशी विज्जडविड नावाचे एक गाव होते. तेथे शांडिल्य गोत्राचे एक विद्यासंपन्न घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. या घराण्यातील एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. याच घराण्यात शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, भास्कराचार्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्रात पारंगत होते. भास्कराचार्यांना दुसरा गुरू शोधावा लागला नाही. गणित आणि ज्योतिष या दोन्ही शास्त्रांचे पाठ त्यांनी वडिलांपाशीच घेतले, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या ग्रंथात कृतज्ञतेने नमूद करून ठेवली आहे.

त्या काळची अध्ययनाची पद्धत आजच्यापेक्षा फार निराळी होती. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने किंवा काडीने तीवर आकडे लिहावे आणि पुढची पायरी मांडण्यासाठी मागची पुसून टाकावी, अशी रीत होती. यावरूनच अंकगणिताला पाटीगणित हे नाव पडले. ग्रंथ हाताने उतरून घ्यावे लागत व ते थोड्यांनाच मिळत. म्हणून गणिताचे नियम आटोपशीर श्लोकांत बांधलेले असत आणि विद्यार्थी ते मुखोद्गत करीत. या पद्धतीमुळे शेकडो वर्षांचे ज्ञान टिकून राहिले, हे खरे. परंतु तिच्यात एक मोठा धोकाही होता. पाटीवरची आकडेमोड पुसली गेली, की हाती उरे ते केवळ उत्तर, आणि मुखी उरे तो केवळ नियम. तो नियम कोठून आला व तो खरा कशावरून, हे विचारण्याचे कारणच विद्यार्थ्याला पडत नसे. नियमात एखादी चूक शिरली, तर तीही श्लोकाबरोबर पाठ होई आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली जाई.

भास्कराचार्यांनी हा धोका ओळखला होता. पूर्वाचार्यांविषयी त्यांच्या मनात नितांत आदर होता. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या बीजगणितावरील ग्रंथांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तथापि नियमाला आधार लागतो तो युक्तिवादाचा, केवळ थोरांच्या नावाचा नव्हे, अशी त्यांची धारणा होती. या युक्तिवादाला ते उपपत्ती म्हणत. ज्या गणितीला आपल्या गणिताची उपपत्ती सांगता येत नाही, त्याला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही. इतकेच नव्हे, तर त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. पहिल्या दोहोंत अंकगणित, भूमिती व बीजगणित आले असून पुढील दोहोंत ग्रहांच्या गती, ग्रहणे आणि पृथ्वीचा गोल यांचे विवेचन आहे. ग्रहगणित आणि गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली आणि श्लोकांत न मावलेली कारणे तीत उलगडून दाखविली.

या चार भागांपैकी लीलावती हा भाग सर्वांत लोकप्रिय ठरला. कोठे हरिणाक्षी बालिकेला, कोठे मित्राला, तर कोठे व्यापाऱ्याला उद्देशून त्यात प्रश्न विचारलेले आहेत. भास्कराचार्य प्रथम नियम सांगतात आणि लगेच त्यावर उदाहरण घालतात. ही उदाहरणे म्हणजे रुक्ष आकडे नव्हेत. त्यांत सरोवरातील कमळे आहेत, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, आणि खांबावर बसून बिळाकडे धावणाऱ्या सापावर झेप घेणारा मोरही आहे.

त्यांपैकी भुंग्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. भुंग्यांच्या एका थव्यातील पाचवा भाग कदंबाच्या फुलांवर गेला आणि तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर गेला. या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडाकडे वळले. उरलेला एकच भुंगा केवडा आणि मालती यांच्या सुगंधांत गुंतून मधल्यामध्ये भिरभिरत राहिला. तर एकंदर भुंगे किती? हे गणित लीलावतीत ज्या रीतीखाली दिले आहे, तिला इष्टकर्म म्हणतात. उत्तर ठाऊक नसेल तर सोयीची एक संख्या धरावी आणि ती काय सांगते ते पाहावे, अशी ही रीत. समजा, थव्यात ३० भुंगे होते. मग पाचवा भाग ६ आणि तिसरा भाग १० होतो. त्यांतील अंतर ४, आणि त्याची तिप्पट १२. हे सर्व मिळून २८ झाले, म्हणजे २ भुंगे उरले. परंतु उदाहरणात एकच भुंगा उरला आहे. म्हणून थवाही निम्मा, म्हणजे १५ भुंग्यांचा असला पाहिजे. येथे विद्यार्थी नुसती आकडेमोड करीत नाही. आपला अंदाज चुकला तरी ती चूकच खऱ्या उत्तराची वाट दाखविते, हे तो शिकतो.

उत्तर काढण्यापूर्वी प्रश्न नीट पारखावा, हा भास्कराचार्यांचा दुसरा पाठ होय. चौकोनाच्या चार बाजू दिल्या असता त्याचे क्षेत्रफळ काढण्याचा एक नियम पूर्वीपासून प्रचारात होता, आणि पुष्कळ जण तो कोणत्याही चौकोनाला निःशंकपणे लावीत असत. भास्कराचार्यांनी या प्रश्नावरच बोट ठेवले. चार बाजू तितक्याच ठेवून चौकोनाचे समोरासमोरील दोन कोपरे आत दाबले, तर एक कर्ण आखूड होतो व दुसरा लांब होतो. चौकोनाचा आकार बदलतो आणि त्याबरोबर क्षेत्रफळही बदलते. प्रत्येक बाजू २५ असलेला चौकोन घ्यावा. तो चौरस असेल, तर क्षेत्रफळ ६२५ भरते. त्याचे कर्ण ३० आणि ४० असतील, तर ते ६०० होते. कर्ण १४ आणि ४८ असतील, तर ते अवघे ३३६ उरते. बाजू त्याच, परंतु उत्तरे तीन! तेव्हा कर्ण किंवा लंब सांगितल्यावाचून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा अविचारी होय, आणि अशा प्रश्नाला उत्तर देणारा त्याहूनही अविचारी होय, असा कडक अभिप्राय त्यांनी दिला आहे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच असे नाही. प्रश्न अपुरा आहे हे ओळखणे, हेसुद्धा ज्ञानच आहे.

तिसरा पाठ उत्तराची पारख करण्याचा. बीजगणित या भागात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्या उदाहरणात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करून येईल इतके वानर वनात खेळत आहेत, आणि उरलेले १२ टेकडीवर किलबिलाट करीत आहेत. हे गणित सोडविल्यावर ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे मिळतात, आणि ती दोन्ही खरी आहेत. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तर तितके वानर गुहेत शिरले आहेत आणि एक तेवढा फांदीवर दिसत आहे. येथेही ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. परंतु कळप ५ वानरांचा धरला, तर त्याचा पाचवा भाग एक होतो, आणि एकातून तीन वानर वजा कसे करावयाचे? आकड्यांच्या दृष्टीने ५ हे उत्तर जुळते, पण वानरांच्या दृष्टीने ते जुळत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी ते सोडून दिले आणि ५० हेच उत्तर ग्राह्य धरले.

यावरून ऋण संख्या दिसताच ती टाकून द्यावी, असा नियम कोणी पाठ करील, तर तोही फसेल. लीलावतीत एक त्रिकोण दिला आहे. त्याचा पाया ९ असून उरलेल्या दोन बाजू १० आणि १७ आहेत. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला, तर पायाचे दोन भाग किती होतात, असा प्रश्न आहे. गणित केले असता एक भाग १५ येतो आणि दुसरा ऋण ६ येतो. येथे मात्र भास्कराचार्यांनी ऋण उत्तर टाकले नाही. लंब पायावर न पडता पायाच्या बाहेर पडतो, आणि तो भाग उलट दिशेने मोजावयाचा आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. एकाच प्रकारची संख्या वानरांच्या ठिकाणी निरर्थक ठरली आणि त्रिकोणाच्या ठिकाणी अर्थपूर्ण ठरली. हा भेद नियमाला कळत नाही. तो विचार करणाऱ्या बुद्धीलाच कळतो. म्हणूनच सर्व अंकगणित हा त्रैराशिकाचा विस्तार आहे आणि बीजगणित म्हणजे निर्मळ बुद्धी आहे, असे भास्कराचार्यांचे मत होते. बीजगणितात अज्ञात संख्यांसाठी अक्षरे वापरतात खरी. परंतु ती अक्षरे केवळ बुद्धीची साधने होत, असे ते मानीत.

काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा नियम त्यांच्या काळी सर्वांना ठाऊक होता. म्हणून बीजगणितात त्यांनी एक निराळाच प्रश्न घातला. काटकोन करणाऱ्या दोन बाजू १५ आणि २० आहेत. तर कर्ण किती, आणि ही रूढ रीत खरी कशावरून, हेही सांगावे, असा तो प्रश्न आहे. उत्तर २५ आहे, हे नियम पाठ असणारा कोणीही क्षणात सांगेल. प्रश्नाचा दुसरा भाग खऱ्या कसोटीचा आहे. भास्कराचार्यांची रीत अशी: तसेच चार त्रिकोण घ्यावे आणि कर्ण बाहेरच्या बाजूस येतील अशा रीतीने ते मांडावे. २५ बाजूचा मोठा चौरस तयार होतो आणि मध्ये एक लहान चौरस मोकळा राहतो. २० आणि १५ यांतील अंतर ५, तीच या लहान चौरसाची बाजू. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, म्हणून चौघांचे ६००. त्यांत लहान चौरसाचे २५ मिळविले, की ६२५ होतात. हाच २५ चा वर्ग, आणि १५ व २० यांच्या वर्गांची बेरीजही हीच. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांना आकृतीवरून उपपत्ती पटत नाही, त्यांना ती संख्यांच्या साहाय्याने दाखवावी, अशी सूचना भास्कराचार्यांनी बीजगणितात केली आहे. सर्वांची बुद्धी एकाच वाटेने चालत नाही, हे या आचार्यांनी ओळखले होते.

पूर्वसूरींची चूक दाखवितानाही त्यांनी प्रमाण दिले ते डोळ्यांना दिसेल असे. लल्ल नावाच्या थोर ज्योतिषाचार्यांनी गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी एक रीत दिली होती. गोलाच्या मध्यवर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे आणि त्याला परिघाने गुणावे, अशी ती रीत होती. भास्कराचार्यांनी ती कापडाच्या तुकड्याने खोटी ठरविली. चेंडूच्या परिघाच्या निम्मी लांबी हा ज्याचा व्यास आहे, असे एक गोल कापड घ्यावे आणि चेंडूवर घालावे. त्याने अर्धा चेंडू पूर्ण झाकला जातो आणि चुण्यांच्या रूपाने थोडे कापड शिल्लकही राहते. ७ अंगुळे व्यासाच्या चेंडूचा परिघ सुमारे २२ अंगुळे भरतो. म्हणून कापडाचा व्यास ११ आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९५ होते. तेव्हा संपूर्ण चेंडूचे पृष्ठफळ १९० हून कमीच असले पाहिजे; लल्लांच्या रीतीने मात्र ते ८४७ येते! खरे उत्तर मध्यवर्तुळाच्या चौपट, म्हणजे सुमारे १५४, आहे. ते कसे येते हे दाखविण्यासाठी भास्कराचार्यांनी गोलावर आवळ्यावरील उभ्या रेषांसारख्या रेषा कल्पिल्या, आणि त्यामुळे पडणाऱ्या फाकांचे क्षेत्रफळ मोजले. अशा रीतीने थोरांच्या वचनापेक्षा एका कापडाच्या तुकड्याची साक्ष अधिक बलवान ठरली.

गोलाध्यायात याच बुद्धीने त्यांनी पृथ्वीचा विचार केला आहे. पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे असे म्हटले, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल आणि दुसऱ्याला तिसरा लागेल. शेवटी कोठे तरी एखादी वस्तू स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागेल; मग ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते, याचेही कारण त्यांनी दिले. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी अतिविशाल आणि माणूस अतिशय लहान. म्हणून त्याच्या दृष्टीच्या टापूत येणारा पृथ्वीचा भाग त्याला सपाट भासतो.

भास्कराचार्यांच्या प्रज्ञेची झेप याहूनही उंच होती. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पूर्ण वर्ग येतो. तर ती संख्या कोणती, असा एक प्रश्न त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविला. दिसावयास हा प्रश्न लहान आहे, परंतु ती सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० इतकी मोठी आहे. पुढे इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने हाच प्रश्न युरोपातील विद्वानांना घातला. तोपर्यंत भास्कराचार्यांच्या उत्तराला पाच शतके होऊन गेली होती. वार्धक्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, ग्रहगणित सोपे करण्यासाठी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त टळल्यामुळे तिच्या सांत्वनासाठी त्यांनी हा ग्रंथ लिहिला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती कथा अकबर बादशहाच्या दरबारातील फैजी या कवीने सांगितलेली आहे. त्याने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिला आधार सापडत नाही. ज्यांनी प्रत्येक गोष्टीचे प्रमाण मागितले, त्यांच्या चरित्रात ही कथा दंतकथा म्हणूनच सांगणे योग्य होय.

प्रमाण आहे ते निराळ्या गोष्टीचे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी सन्मानाने नेले, आणि लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले, असे त्यावरून कळते. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटण येथे एक मठ स्थापन केला. त्या प्रदेशाच्या निकुंभ राजांनी आणि इतरांनी इ. स. १२०७ च्या सुमारास त्याला दाने दिली. त्या दानांत ग्रामस्थांच्या धान्याचा आणि बाजारातील मालाचा वाटाही होता. पुढे मठ नष्ट झाला आणि शिलालेख विस्मृतीत गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून इ. स. १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला, आणि त्यामुळे या कुलाची हकिकत जगाला कळली.

मठ राहिला नाही, तरी अध्ययन चालू राहिले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि मूळ ग्रंथात न दिलेल्या अनेक उपपत्ती तीत भरल्या. इ. स. १८१६ मध्ये टेलर यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचे लंडनमध्ये निघाले. इ. स. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात सोडलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हेच नाव देण्यात आले.

भास्कराचार्यांचे काही नियम आज अधिक सोप्या रूपात शिकविले जातात, आणि पृथ्वीच्या मध्यवर्ती स्थानासारख्या त्यांच्या काही समजुती आज मागे पडल्या आहेत. याचे त्यांना वैषम्य वाटले नसते. कारण पूर्वाचार्यांचे मत प्रमाणाने तपासण्याचा मार्ग त्यांनीच घालून दिला होता. प्रश्न पुरा आहे की नाही ते पाहावे, उत्तर अर्थाशी ताडून घ्यावे आणि नियमाला त्याचे कारण विचारावे, हा त्यांच्या अध्यापनाचा सारांश होय. धुळीच्या पाटीवरचे त्यांचे आकडे केव्हाच पुसले गेले. परंतु ज्या विद्यार्थ्याने एकदा कारण विचारण्याची सवय लावून घेतली, त्याला पुसलेली पायरी पुन्हा मांडता येते.